वेग जुळत नव्हता

माझगावच्या धर्मादाय इस्पितळात
एक्सचेंजची खोली शवागाराच्या बरोबर वर.
अख्ख्या इमारतीत एसी या दोघांनाच.

चंदेरी पिशवीतून कार्ड काढलं.
लॅमिंग्टन रोडचा माल, तिसऱ्या हाताचा,
कोपऱ्यात कुठल्याशा ऑफिसचं स्टिकर, अर्धं खरवडलेलं.
मनगटाला पट्टा बांधला. पट्टा कपाटाला, कपाट जमिनीला.
मस्करेन्हास सांगायचा,
"हात लावायच्या आधी अंगातली वीज सोडून दे, पोरा.
घरचं भांडण घेऊन आलास तर चिप मरते."
तो गेला. पट्टा त्याचाच.

आठ इवलेसे स्विच, दातकोरणीनं हलवायचे.
वर, वर, खाली, वर.
पत्ता म्हणजे एवढंच:
आपण कुठल्या खणात बसलोय
हे हाक यायच्या आधी ठाऊक असणं.

मग केबल.
दोन नंबरची पिन तीनला, तीनची दोनला.
सरळ जोडली तर दोघंही एकाच तारेवर बोलतात
आणि दुसरीवर दोघंही कान लावून बसतात.
आमच्या घरी सहा महिने तसंच चाललंय.
सात नंबर मात्र सरळ सातला.
जमीन दोघांची एकच.

चौथ्या खणात कार्ड सरकवलं. लाल दिवा लागला.
दारातून पाठारेबाई म्हणाल्या, "लागला की रे!"
म्हटलं, इथं उलटं असतं, बाई.
लाल दिवा विझला की कार्ड जिवंत.
त्या फरशीकडे बघत राहिल्या.

सतरा नंबरचा प्रोग्राम उघडला.
पोर्ट? एक.
वेग? बाराशे.
पॅरिटी? नाही.
दिवा विझला, प्रिंटर खडखडला
आणि कागदावर उतरले
कंस, टक्के, चौकोन, अर्धवट अक्षरांचे तुकडे.
"ही कुठली भाषा?"
भाषा बरोबर आहे, बाई. घाई चुकतेय.
हा बाराशेनं बोलतो, तो चोवीसशेनं ऐकतो.
प्रिंटरच्या पोटाखालचा स्विच खाली केला.

हे सगळं बलसारासाहेबांसाठी. हिशेबखात्यात नवे.
फोनचं बिल फुगलंय;
कोण, कुठून, कुठे, किती वेळ,
रोज सकाळी टेबलावर हवं.

टेस्टिंगला रात्री थांबलो. बाईंची नाइट होतीच.
अडीचला पहिली ओळ शुद्ध आली:
एक्स्टेन्शन दोनशे एकोणीस. बाहेरचा कॉल. बावीस सेकंद.
पुन्हा दोनशे एकोणीस. तोच नंबर. एकोणीस सेकंद.
दोन एक्केचाळीस. दोन सत्तेचाळीस. दोन पन्नास.
"बायकांचा वॉर्ड," बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"आणि हा नंबर म्हणजे, अरे, वेळ सांगणारा."

तो आवाज मलाही पाठ आहे.
टेपमधली ती बाई, कधी न खोकणारी,
तास, मिनिटं, सेकंद, मग ठोका.
वॉर्डात भिंतीवर भलं मोठं घड्याळ आहे.
तरी कुणीतरी उशापासून उठून
रात्र किती उरली ते
दर पाच-सात मिनिटांनी
माणसाच्या तोंडून ऐकून येत होतं.

कागद हातभर झाला.
शेवटची नोंद पाच बावीसची.
मग एक्स-रे, मग कँटीन, मग दूधवाल्याला कुणाचा तरी फोन.
दोनशे एकोणीस नाही.
खालच्या मजल्यावर लिफ्टचं जाळीदार दार
एकदा उघडलं, एकदा बंद झालं.

"तो नंबर हिशेबातून वगळता येईल?"
येईल, म्हटलं. इथून पुढचे. झालेले नाही.
बाईंनी भोकांच्या रेघेवर कागद फाडला,
चार घड्या घातल्या, डब्याच्या पिशवीत ठेवला.
मी वगळायची ओळ लिहिली आणि पट्टा सोडला.

दहा वाजता बलसारासाहेब आले.
"पहिल्या रात्रीचा कागद?"

कचरा छापला त्यानं, साहेब.
वेग जुळत नव्हता.